केराटोकोनससाठी कॉर्निया-रोपण: बिग-बबल डाल्क कितपत खरं उतरतं?

केराटोकोनस म्हणजे कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन सुळक्यासारखा पुढे येण्याचा आजार. त्याच्या रुग्णाला ‘आता कॉर्निया बदलावा लागेल’ असं सांगितलं जातं तेव्हा त्याच्यापुढे दोन वेगवेगळ्या शस्त्रक्रिया असतात. पहिलीत कॉर्निया पूर्ण जाडीत कापून काढतात आणि दात्याचा पूर्ण जाडीचा तुकडा बसवतात. ही पेनिट्रेटिंग केराटोप्लास्टी, दवाखान्याच्या भाषेत पीके. दुसरीत फक्त पुढचे थर बदलतात आणि सगळ्यात आतला थर रुग्णाचा स्वतःचाच राहतो. ही डीप अँटिरियर लॅमेलर केराटोप्लास्टी, म्हणजे डाल्क. हे परीक्षण दुसरीचं, आणि त्यातही हवेचा बुडबुडा सोडून थर सुटे करायच्या बिग-बबल पद्धतीचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: आतला थर शाबूत असेल तर केराटोकोनसमध्ये पहिली पसंती हीच असायला हवी. मात्र कौतुक सगळं टेबलावरच्या तास-दीड तासाचं होतं, आणि नजर ठरते पुढच्या दीड वर्षात. त्या दीड वर्षाची नीट सोय जिथे नाही तिथे उत्तम हाताने झालेली डाल्कही अर्धवटच राहते.

निरोगी कॉर्नियाची मधोमध जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. त्यातला बहुतेक भाग म्हणजे स्ट्रोमा. त्याच्या मागे सुमारे १० मायक्रॉनचा डेसिमेट पडदा आणि त्याला चिकटून एण्डोथेलियमच्या पेशींचा एकपदरी थर. या पेशी कॉर्नियातलं पाणी सतत उपसून बाहेर टाकतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. गेल्या त्या गेल्या. केराटोकोनसमध्ये बिघडलेला असतो तो स्ट्रोमा: तो पातळ होतो, पुढे सुळक्यासारखा येतो, पुढेपुढे त्यावर वण पडतो. एण्डोथेलियम बहुधा ठणठणीत असतं. पीकेमध्ये हा ठणठणीत थरही कापून टाकला जातो आणि त्याच्या जागी परक्या माणसाच्या पेशी येतात.

याची किंमत लगेच कळत नाही. केराटोकोनससाठी केलेल्या पीकेचे पहिल्या दहा वर्षांचे निकाल फार चांगले असतात, इतर कोणत्याही आजारासाठी केलेल्या रोपणापेक्षा सरस. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कॉर्निया-रोपण नोंदणीतून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा वर्षांनी ८९ टक्के ग्राफ्ट, म्हणजे बसवलेले तुकडे, टिकून होते, वीस वर्षांनी मात्र निम्मेच उरले होते. रुग्ण पंचविशीचा असेल तर पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच डोळ्यावर दुसऱ्या रोपणाची वेळ येण्याची शक्यता निम्मी. दुसऱ्या वेळी शरीर परक्या पेशी नाकारण्याचा धोका वाढलेला असतो. डाल्कमध्ये एण्डोथेलियम रुग्णाचंच असल्यामुळे त्याचं रिजेक्शन होऊच शकत नाही. स्ट्रोमाचं किंवा वरच्या त्वचेसारख्या थराचं रिजेक्शन होतं, पण ते बहुतेकदा थेंबांनी आटोक्यात येतं आणि त्यात ग्राफ्ट जाण्याची वेळ क्वचितच येते.

आधी एक गोष्ट तपासून घ्यावी: शस्त्रक्रिया खरंच लागणार आहे का? टोपोग्राफीवर, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या रंगीत नकाशावर, लालभडक रंग दिसला, वक्रतेचा आकडा ६५ किंवा ७० डायॉप्टर आला, एवढ्यावर रोपण सुचवणाऱ्या ठिकाणी आम्ही थांबायला सांगू. रोपण लागतं ते नजरेच्या रेषेत वण असेल तर, किंवा नीट बसवलेल्या लेन्सनेही नजर सुधारत नसेल किंवा लेन्स अजिबात सहन होत नसेल तर. यात ‘नीट बसवलेली’ हा शब्द महत्त्वाचा. साधी आरजीपी, म्हणजे छोटी कडक कॉन्टॅक्ट लेन्स सुळक्याच्या टोकावर घासते, निसटून पडते, आणि रुग्ण ‘लेन्स जमत नाही’ या यादीत जातो. स्क्लेरल लेन्स मोठी असते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियावरून पाण्याचा थर ठेवून कमानीसारखी जाते. बेल्जियममधल्या २०१८ च्या एका अभ्यासात, ७० डायॉप्टर किंवा त्याहून उंच सुळका असलेल्या आणि एरवी रोपण झालंच असतं अशा ५१ डोळ्यांपैकी ४० डोळ्यांचं स्क्लेरल लेन्सवर भागलं. तेव्हा तिची चाचणी घेतल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. आजार अजून वाढत असेल आणि जाडी पुरेशी असेल तर आधी क्रॉस-लिंकिंग, म्हणजे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया कडक करण्याचा उपचार.

टेबलावर नेमकं काय होतं

पूर्ण जाडीचं पहिलं यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) ओलोमोउत्स इथे केलं. थर वेगळे करण्याची कल्पनाही जुनीच, पण हाताने चाकू फिरवून शेवटच्या काही मायक्रॉनपर्यंत जाणं वेळखाऊ होतं आणि मागे राहिलेल्या स्ट्रोमाच्या खडबडीत पृष्ठभागामुळे नजर धूसर राहायची. २००२ साली अन्वर आणि टाइशमान यांनी बिग-बबल पद्धत मांडली आणि चित्र पालटलं.

सुरुवातीला ट्रेफाइनने, म्हणजे गोल पात्याने, रुग्णाच्या कॉर्नियात साधारण ८ मिलिमीटर व्यासाची खाच पाडतात. खोली जाडीच्या ६० ते ८० टक्के. पेंटाकॅम किंवा एएस-ओसीटी या स्कॅनवर त्या वर्तुळाच्या कडेची जाडी आधी मोजलेली हवी, कारण केराटोकोनसमध्ये वरच्या बाजूला ५५० आणि खालच्या बाजूला ४०० मायक्रॉन असं सहज असू शकतं. नुसता मधला आकडा बघून पातं लावलं तर खालच्या बाजूला आरपार जाण्याची भीती. मग खाचेच्या तळातून २७ किंवा ३० गेजची सुई, तोंड खाली करून, किंवा बोथट टोकाची कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, स्ट्रोमाच्या खोल थरात सरकवतात आणि सिरिंजने हवा सोडतात. सुई वरच्या थरात राहिली तर हवा स्ट्रोमाच्या धाग्यांत पसरते, सगळं पांढरं फटक होतं आणि बुडबुडा काही बनत नाही. फार खोल गेली तर डेसिमेट फाटतो. अख्ख्या शस्त्रक्रियेचा भार या एका हालचालीवर आहे. बोथट कॅन्युलामुळे चूक पचायला थोडा वाव मिळतो, म्हणून शिकाऊ हातांसाठी आम्हाला तीच बरी वाटते.

हवा बरोबर जागी गेली तर मायक्रोस्कोपखाली मधोमध एक पांढरी गोल कडा उमटते आणि बघता बघता बाहेर सरकत जाते. हा पहिल्या प्रकारचा बुडबुडा. तो साधारण ८.५ मिलिमीटरपर्यंत वाढून थांबतो आणि त्याची मागची भिंत दणकट असते. दुसऱ्या प्रकारचा बुडबुडा कडेकडून सुरू होतो, १०.५ मिलिमीटरपर्यंत पसरतो, त्याची कडा पातळ आणि स्वच्छ दिसते. या फरकाचा उलगडा २०१३ साली नॉटिंगहॅमच्या हरमिंदर दुआ यांच्या गटाने केला: डेसिमेटच्या पुढे १०-१५ मायक्रॉनचा एक चिवट थर असतो. पहिल्या प्रकारात तो मागच्या भिंतीत राहतो, दुसऱ्यात भिंत नुसत्या डेसिमेटची. त्यांच्या मोजमापात पहिल्या प्रकारची भिंत दुसरीच्या दुपटीहून जास्त दाब सहन करते. म्हणून दुसरा प्रकार दिसला की सर्जनने पुढची प्रत्येक पायरी सावकाश घ्यायची असते.

स्ट्रोमा हवेने पांढरा झाला की बुडबुडा झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी एक सुरेख चाचणी आहे. कडेच्या बारीक छिद्रातून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात एक छोटासा हवेचा बुडबुडा सोडतात. मोठा बुडबुडा झालेला असेल तर त्याचा घुमट आत फुगलेला असतो आणि छोटा बुडबुडा कडेलाच अडकून राहतो. मोठा झालाच नसेल तर छोटा तरंगत मधे येतो. ही पायरी गाळून पुढे जाणं म्हणजे अंदाजावर काम करणं.

त्यानंतर वरचा स्ट्रोमा सोलून काढतात, पुढच्या कप्प्यातून थोडं पाणी सोडून दाब उतरवतात, आणि उरलेल्या पातळ स्ट्रोमावर व्हिस्कोइलॅस्टिक जेलचा थेंब ठेवून १५ अंशांच्या पात्याने बुडबुड्याच्या छताला चीर देतात. जेल नसेल तर हवा एकदम निसटते, मागची भिंत उसळी मारून वर येते आणि पात्यालाच लागते. मग त्या पोकळीत जेल भरून, बोथट कात्रीने स्ट्रोमाचे चार भाग करून ते गोल कापून काढतात. उरतो तो काचेसारखा गुळगुळीत तळ.

दात्याच्या तुकड्यावरचा डेसिमेट आणि एण्डोथेलियम ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवून सोलायचा असतो. तो मागे राहिला तर दोन पडदे एकमेकांवर येऊन मधली जागा धूसर राहते. तुकडा किती मोठा घ्यायचा हाही कळीचा प्रश्न. इतर आजारांत पाव मिलिमीटर मोठा घेण्याची पद्धत आहे. केराटोकोनसचे डोळे मुळात मायनस नंबरचे असल्याने बरेच सर्जन सारख्याच मापाचा घेतात. मोठा घेतला तर नंतर मायनस नंबर वाढलेला मिळतो.

टाके १०-० नायलॉनचे, म्हणजे धाग्याची जाडी ०.०३ मिलिमीटरच्याही आत. साधारण सोळा सुटे टाके, किंवा सलग धावता टाका, किंवा दोन्ही मिळून. पहिले चार टाके घड्याळाच्या १२, ६, ३ आणि ९ वर. यातला ६ वाजताचा टाका बरोबर समोरासमोर पडला नाही तर पुढचे सगळे वाकडे जातात आणि सिलिंडर नंबरचा, म्हणजे कॉर्निया एका दिशेला जास्त वाकल्याने येणाऱ्या नंबरचा, पाया तिथेच घातला जातो. केराटोकोनसच्या तरुण रुग्णांत आम्ही सुट्या टाक्यांच्या बाजूने आहोत. ऍलर्जीचे डोळे असतात, टाके कमी-जास्त वेळाने सैल होतात. सुटा असेल तर तेवढाच काढता येतो. धावता टाका एका ठिकाणी सैल झाला की सगळाच बिघडतो. फेम्टोसेकंद लेसरने कापलं तर कडा नेमक्या जुळतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत फायदा दिसतो. टाके निघाल्यावर फरक कमी होत जातो. जादा खर्च करावा इतकं पारडं त्या बाजूला झुकत नाही.

कुठे फसतं

डेसिमेट फाटणं हा मुख्य धोका. छिद्र बारीक असेल तर पुढच्या कप्प्यात हवा भरून काम पुरं करता येतं. मोठी फाट असेल तर तिथल्या तिथे पीकेकडे वळावं लागतं. म्हणून संमतीपत्रावर दोन्ही शस्त्रक्रियांची नावं हवीत आणि राखीव ठेवलेला दात्याचा कॉर्निया पीकेला चालेल अशा दर्जाचा हवा. बारीक छिद्रानंतर दुसऱ्या दिवशी तळ आणि ग्राफ्ट यांच्यामध्ये पाणी साचलेलं दिसू शकतं, त्याला डबल चेंबर म्हणतात. थोडं असेल तर आपोआप ओसरतं, जास्त असेल तर पुन्हा हवा किंवा गॅस सोडावा लागतो. हवेने बाहुलीची वाट अडली तर दाब एकदम चढतो. १९६३ साली उरेट्स-झवालिया यांनी केराटोकोनसच्या रोपणानंतर बाहुली कायमची पसरट राहिल्याचं वर्णन केलं. अशा रुग्णाला उजेड आयुष्यभर टोचत राहतो. त्यामुळे हवा भरलेल्या रुग्णाचा दाब त्याच संध्याकाळी तपासला जायला हवा, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे.

ज्याला पूर्वी हायड्रॉप्स झाला आहे, म्हणजे डेसिमेट आपोआप फाटून कॉर्निया अचानक पाण्याने सुजला होता, त्याच्या डोळ्यात बुडबुडा सोडणं जोखमीचं. जुनी फाट हवेने पुन्हा उघडते. तिथे हाताने थर सोलून थोडा स्ट्रोमा मागे ठेवणं किंवा सरळ पीके करणं योग्य. हे न विचारता सरसकट ‘आम्ही डाल्कच करतो’ म्हणणाऱ्यांकडून दोन पावलं लांब राहावं.

नजर किती मिळते

ब्रिटनमधल्या २००९ च्या तुलनेत पीके झालेल्यांपैकी ३३ टक्के आणि डाल्क झालेल्यांपैकी २२ टक्के रुग्ण चष्मा-लेन्ससह ६/६ किंवा त्याहून चांगलं वाचू शकले. हा आकडा डाल्कच्या विरोधात पुष्कळदा फेकला जातो. पण त्यात सगळ्या पद्धतींच्या डाल्क एकत्र होत्या. मागे किती स्ट्रोमा उरला यावर बरंच काही अवलंबून असतं: उरलेला थर २० मायक्रॉनच्या आत असेल तर नजर पीकेच्या बरोबरीची, ८० च्या वर गेला तर ती घसरते. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने २०११ साली उपलब्ध अभ्यास तपासून साधारण हाच निष्कर्ष काढला: उरलेला स्ट्रोमा कमीत कमी असेल तर दोन्हींची नजर सारखी. बुडबुडा नीट झाला, तळ उघडा पडला, तर डाल्कमध्ये नजरेचा तोटा नाही. बुडबुडा न झाल्याने हाताने सोलावं लागलं तर थोडी धूसर नजर पत्करून दीर्घकाळ टिकणारा कॉर्निया मिळतो. तीस वर्षांखालच्या रुग्णासाठी हा सौदाही आम्हाला मान्य आहे.

चष्म्याशिवाय लख्ख दिसेल ही अपेक्षा मात्र मनातून काढून टाकावी. टाके निघाल्यावरही ३ ते ५ डायॉप्टरचा सिलिंडर नंबर उरणं दोन्ही शस्त्रक्रियांत नेहमीचंच आहे. बऱ्याच जणांना रोपणानंतरही लेन्स लागते. फरक असा की आता लेन्स बसते, टिकते आणि तिच्यातून वण आड येत नाही. हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट शब्दांत सांगणारा डॉक्टर चांगला.

पुढचं दीड वर्ष

पहिल्या आठवड्यात वरचा थर भरून येतो का हे पाहतात. स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला दिवसातून सहा वेळा वगैरे, मग हळूहळू कमी. डाल्कमध्ये ते बहुधा सहा महिन्यांच्या आसपास बंद करता येतात, पीकेमध्ये वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात. थेंब कमी म्हणजे काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका कमी; तरुण रुग्णाच्या दृष्टीने डाल्कचा हा फायदा रिजेक्शनइतकाच मोठा आहे. तरी प्रत्येक भेटीत दाब मोजला जायलाच हवा.

टाके काढणं हे नजर घडवण्याचं काम आहे. साधारण चौथ्या महिन्यापासून टोपोग्राफी करून, ज्या दिशेला कॉर्निया जास्त उभट झालाय तिथला घट्ट टाका काढतात, काही आठवडे थांबून पुन्हा टोपोग्राफी करतात. एकाच बैठकीत भराभर सगळे टाके काढून ‘आता चष्म्याचा नंबर काढा’ म्हणणं हा या सेवेतला सगळ्यात मोठा दोष, आणि तो सर्रास दिसतो. शेवटचा टाका निघाल्यावर दीड-दोन महिने नंबर स्थिरावू द्यावा, मगच महागडा चष्मा किंवा लेन्स घ्यावी.

सैल टाका ओळखायला रुग्णालाही शिकवलं पाहिजे. डोळ्यात कण गेल्यासारखं टोचतं, पाणी येतं. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपखाली, धाग्याच्या टोकाला चिकट स्रावाचा ठिपका अडकलेला आणि त्याच्याकडे लाल रक्तवाहिनी धावत आलेली दिसते. असा टाका त्याच दिवशी निघायला हवा. तिथून जंतुसंसर्ग आत शिरतो आणि रिजेक्शनलाही निमित्त मिळतं. पुढच्या तारखेला बघू, हे उत्तर स्वीकारू नये. डोळा लाल होणं, उजेड न सोसणं, नजर मंदावणं, दुखणं, यातलं काहीही झालं तरी तोच नियम, विशेषतः पीके झालेल्यांना.

आणि डोळे चोळणं बंद. ऍलर्जीचे थेंब रोपणानंतरही चालू ठेवावे लागतात, कारण ज्या सवयीने पहिला कॉर्निया वाकवायला हातभार लावला ती दुसऱ्याला सोडत नाही. क्रिकेट खेळणाऱ्यांनी पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालावा. कबड्डीसारखे अंगावर येणारे खेळ सोडलेले बरे; जखमेची जागा मूळ कॉर्नियाइतकी मजबूत कधीच होत नाही, मात्र मार लागून ती उघडली तर डाल्कमध्ये आतला पडदा अडसर म्हणून उभा असतो.

कॉर्निया आणि बिल

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार कॉर्निया विकता येत नाही. नेत्रपेढी घेते ते तपासणी, साठवण आणि वाहतुकीचं शुल्क. बिलात ते वेगळं लिहिलेलं असावं. आपल्याकडे डाल्कचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. पीकेसाठी एण्डोथेलियमच्या पेशींची संख्या भरपूर लागते, वयस्कर दात्यांचे बरेच कॉर्निया तिथे बाद होतात. डाल्कला स्ट्रोमा स्वच्छ असला की पुरतं, म्हणजे नेत्रदानातून आलेला एरवी वाया गेला असता असा कॉर्नियाही एखाद्या तरुणाच्या कामी येतो. एमके द्रवात कॉर्निया चार दिवस टिकतो, ऑप्टिसॉल किंवा कॉर्निसॉलमध्ये चौदा दिवस. दुसऱ्या प्रकारच्या साठवणीमुळे शस्त्रक्रिया अर्ध्या रात्री न करता ठरवून करता येते.

केंद्र निवडताना सर्जनला विचारा: तुमच्या किती डाल्क पीकेमध्ये बदलतात? शून्य असं उत्तर आलं तर एक तर त्यांनी फार थोड्या केल्या आहेत, नाहीतर बराच स्ट्रोमा मागे ठेवतात. टाके काढताना दर वेळी टोपोग्राफी होते का आणि तिचे पैसे वेगळे लागतात का, हे विचारा. स्क्लेरल लेन्स बसवणारा ऑप्टोमेट्रिस्ट त्याच केंद्रात आहे का, तेही. गावाहून येणाऱ्यांनी हेही पाहावं की सैल टाका काढून देणारा नेत्रतज्ज्ञ तालुक्याला किंवा जिल्ह्याला कोण आहे, आणि मूळ सर्जन त्याच्याशी फोनवर बोलायला तयार आहे का. दुसऱ्या डोळ्याचं रोपण लागणार असेल तर पहिल्याचे टाके निघून नजर ठरेपर्यंत थांबणं सोयीचं, मात्र त्या डोळ्यात आजार वाढतोय का हे दर सहा महिन्यांनी टोपोग्राफीवर बघत राहावं.